शेवटचा हप्ता आणि रानातली रेंज

मार्च २०२५ मधली गोष्ट आहे. लिहीन लिहीन म्हणत राहून गेली होती. आज शनिवार आहे, रूमपार्टनर गावाला गेलाय, धुणं मशीनला लावून झालंय, तेव्हा लिहूनच टाकतो.

तर पाच तारखेला सकाळी सकाळी बँकेचा मेसेज आला, की तुमचा चोवीसपैकी चोविसावा हप्ता जमा झाला आहे. हप्ता माझ्या फोनचा. आणि मेसेज आला तोही त्याच फोनवर, म्हणजे गंमत बघा, आपली किंमत पूर्ण फिटल्याचं त्यानं स्वतःच मला कळवलं. ऑफिसात (हिंजवडीच, दुसरं कुठलं असणार) अकराच्या चहाला ही आनंदाची बातमी सांगितली, तर पहिला प्रश्न काय? "मग आता कुठला घेतोयस?" कर्ज फिटल्याचा आनंद पंधरा मिनिटंसुद्धा टिकू देत नाहीत लोक. पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही डोक्यात आला होता, आणि मेसेज वाचून दुसऱ्या मिनिटाला आला होता.

अमेरिकेत ह्याला 'कॉन्ट्रॅक्ट संपलं' म्हणतात. तिकडं फोन कंपनीकडूनच घ्यायचा, दोन-तीन वर्षं बिलात पैसे फेडायचे, आणि तोवर फोन त्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला. आपल्याकडं ही पद्धत कधी रुजलीच नाही, आपण बहुतेक सगळे प्रीपेडवाले. तसे प्रयत्न झाले म्हणा. जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमनं 'मान्सून हंगामा' काढला होता, ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, बाकीचं तीन वर्षं बिलातून. माझ्या मामानं कोल्हापुरात घेतला होता. ते सीडीएमए होतं, आत सिमकार्ड नावाची वस्तूच नाही, त्यामुळं कंपनी सोडायची म्हणजे फोनही सोडायचा. मामा तो फोन पट्ट्याला लावून लग्नाला जायचा. मी तेव्हा पहिलीत का दुसरीत, पण त्या निळ्या दिव्याची आठवण आहे. मग २०१७ मध्ये जिओफोन आला, १५०० रुपये डिपॉझिट आणि तीन वर्षांनी फोन परत दिला की पैसे परत. आमच्या आईकडं होता. तीन वर्षं झाल्यावर मी म्हटलं, आई, डिपॉझिट घेऊन ये. ती म्हणाली, "चांगला चालतोय की, देऊ कशाला परत?" विषय संपला.

आता आमच्या पिढीचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ईएमआय. तिकडं कंपनीशी, इकडं बँकेशी. पण शेवटचा हप्ता गेला की पुढच्या फोनसाठी हात शिवशिवायला लागतात, हे दोन्हीकडं सारखंच.

असो. तर आमच्या घरात फोनांची एक उतरंड आहे. (तुमच्याही घरात असणार.) सगळ्यात वर मी. मी नवीन घेतला की माझा जुना बाबांना, बाबांचा जुना आईला, आणि आईचा जो काही असेल तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, जिथं चार्जरांचं एक स्वतंत्र जंगल आहे. मार्च २०२३ मध्ये मी हा फोन घेतला तेव्हा त्या आधीचा, २०२० सालचा, वळणदार काचेचा, त्या काळी बऱ्यापैकी महागडा फोन मी मोठ्या ऐटीत बाबांना नेऊन दिला होता. त्यांचा बटणांचा फोन काढून घेतला. आणि नुसता फोनच दिला नाही. त्यांचा नंबर पोर्ट करून माझ्या कंपनीच्या फॅमिली पोस्टपेडमध्ये टाकला. घरातले सगळे नंबर एका बिलात, बिल माझ्या कार्डावर, रिचार्ज संपायची भानगड नाही. बाबा दर महिन्याला दुकानात जाऊन रिचार्ज करतात ह्याचं मला वाईट वाटायचं. म्हटलं, आता तेवढं तरी आपण करू.

ह्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही, उगाच. आपण तिला 'माझी कंपनी' म्हणू, आणि बाबांच्या आधीच्या कंपनीला 'बाबांची कंपनी'.

तर यंदाही तोच बेत होता. एक्सेल शीट तयार झाली. (इंजिनिअर माणूस एक्सेलशिवाय बनियनसुद्धा घेत नाही.) प्रोसेसर, रॅम, कॅमेरा, बॅटरी, वजन, आणि सगळ्यात महत्त्वाचा कॉलम म्हणजे अपडेट किती वर्षं. हा कॉलम पूर्वी कुणी बघत नव्हतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हटलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं एस-२४ ला तेच म्हटलं, आणि माझ्यासारख्या उतरंडवाल्यांचं गणितच बदललं. तीन वर्षं मी वापरला तरी पुढं चार वर्षं बाबांना ताजा राहील! मी किती विचारी मुलगा आहे ह्याचा पुरावा म्हणून तो कॉलम मी हिरव्या रंगात रंगवला होता.

धुळवड शुक्रवारी होती, म्हणजे तीन दिवस सलग सुट्टी. गुरुवारी रात्री पुण्यातून निघालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचं आजरा हे कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, हिरण्यकेशी नदीच्या काठी, संकेश्वरहून आंबोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. घनसाळ तांदूळ आमचा, काजू आमचे, आणि 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंतही आमचेच. पाऊस एवढा, की पावसाळ्यात उशीसुद्धा ओलसर लागते. आमचं रान गावापासून थोडं लांब आहे. वरच्या अंगाला काजू, मग उताराला ऊस आणि भात, आणि तळाला नदीकाठी मोटर.

सकाळी उतरलो तर बाबा रानात गेलेले. आईनं पुरणपोळी गरम करून दिली आणि मी पोळी खाता खाता तिला मोठ्या उत्साहानं सांगायला लागलो, की मी नवीन फोन घेतोय, हा माझा आता बाबांना.

आई म्हणाली, "नको बघ. त्यांना तो आधीचा बटणाचाच बरा होता."

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई." आणि ती तूप आणायला आत गेली. आईचं 'काय न्हाई' म्हणजे नेहमी काहीतरी असतं. मग हळूहळू निघालं ते असं. (आधी "ह्यांनी सांगू नको म्हटलेलं" हे तीन वेळा सांगून झालं.)

आता इथं जरा मोटरचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी पाजायचं तर रात्रीच जायचं. माणूस वर उसात, पाण्याची दारं फिरवत, आणि मोटर खाली नदीवर. मधे चांगलं अंतर, तेही उतार आणि झाडीचं. म्हणून बऱ्याच जणांनी मोटरला मोबाईल स्टार्टर बसवलाय. एक पेटी, तिच्यात एक सिमकार्ड. आपण तिला फोन लावायचा, ती उचलते, बटण दाबलं की मोटर चालू, दुसरं दाबलं की बंद, आणि आतली बाई मराठीत सांगते की मोटर चालू झाली आहे. ठरावीक नोंदवलेल्या नंबरांनाच ती दाद देते. बहुतेक जुन्या पेट्या टूजीवर चालतात, आमचीही. भारी वस्तू आहे. आयओटी वगैरे शब्द आम्ही ऑफिसात प्रेझेंटेशनमध्ये टाकतो त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या रानात ते चालू आहे.

तर फेब्रुवारीच्या शेवटी, अमावास्येच्या आसपासची रात्र. बाबा खोडव्याला पाणी पाजायला गेले होते. साडेबाराच्या सुमाराला पाईपचा एक जॉइंट निसटला आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात जायला लागलं. मोटर बंद करायला हवी. फोन काढला, तर रेंज नाही. हात वर करून बघितला, बांधावर चढून बघितलं, नाही. मग टॉर्च घेऊन अंधारात खाली नदीकडं निघाले. निम्म्या वाटेत समोर गवा. एकटा.

आमच्या तालुक्यात गवा नवीन नाही. हत्तीसुद्धा येतो अधूनमधून. पण कळपातला गवा वेगळा आणि एकटा गवा वेगळा, एकट्याचा भरवसा नसतो. बाबांनी टॉर्च बंद केली आणि एका काजूच्या बुंध्यामागं उभे राहिले. किती वेळ, ते त्यांनी आईला नीट सांगितलं नाही. इकडं आई एक वाजल्यापासून फोन लावत होती आणि तिला एकच वाक्य ऐकू येत होतं, की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती वगैरे वगैरे. शेवटी तिनं शेजारच्या चुलत भावाला, पिंट्याला, उठवून पाठवलं. दोघं तीनच्या पुढं घरी आले.

मी विचारलं, "फक्त त्या रात्रीच रेंज नव्हती?"

"दोन वर्षं न्हाई," आई म्हणाली. "तू तो फोन दिलास तवापासनं."

मी पोळी खायचा थांबलो. दोन वर्षं म्हणजे चोवीस महिने. म्हणजे माझे चोवीस हप्ते.

बाबा दहाच्या पुढं आले. मी चिडलो होतो, आणि आपण चिडलोय कुणावर हे नीट माहीत नसलं की माणूस जास्तच चिडतो. म्हटलं, "बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही? एक फोन करायचा होता, रेंज येत नाही म्हणून."

बाबा पाय धूत होते. म्हणाले, "मला वाटलं मलाच वापरता येत न्हाई."

हे वाक्य मी पुण्यात आल्यावरही बरेच दिवस ऐकत होतो. एवढा भारी फोन, पोरानं दिलेला, पोरगा दर महिन्याला बिल भरतोय, त्यात दोष कसा असेल? दोष आपल्या हातात असेल, कुठलंतरी बटण चुकत असेल. पिंट्याला एकदा विचारलं होतं म्हणे त्यांनी, "ह्यात रानातली रेंज कुठनं चालू करायची?"

आणि मला कधी कळलं कसं नाही? कारण मी बाबांशी बोलायचो रात्री नऊला, घरी. घरात माझ्या कंपनीची रेंज फर्स्टक्लास येते. व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा स्वच्छ दिसायचा. मी खूश.

दुपारी मी पिंट्याचा फोन उधार घेतला (त्याच्यात बाबांच्या कंपनीचं सिम आहे), माझा घेतला, आणि बाबांबरोबर रानात गेलो. तुम्हाला एक सांगून ठेवतो, फोनवरच्या त्या चार-पाच रेघांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती रेघा काढायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये, फोनच्या माहितीत, सिम स्टेटसखाली असतो, डीबीएममध्ये. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे झकास, उणे ११० म्हणजे रडतखडत, उणे १२० च्या पुढं देवाचं नाव. आणि हे लॉगरिदमिक आहे, दर तीन डीबीला सिग्नल निम्मा होतो, हे सेकंड इयरला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि घरच्या रानाला लावून बघायला आठ वर्षं लागली.

बाबा पुढं, मी मागं दोन हातात दोन फोन घेऊन. ते मधेच थांबून सांगायचे, "हितं येती बघ तुझी. जरा." आणि खरंच तिथं माझ्या कंपनीचा आकडा पाच-सहानं सुधारायचा. "आता पलीकडच्या बांधावर गेलास की जाईल." गेला. एका आंब्याच्या झाडाखाली, दक्षिणेच्या अंगाला, त्या झाडाला ते 'टावर' म्हणतात, तिथं एक फोन कसाबसा लागतो. म्हणजे दोन वर्षांत त्या माणसानं सगळ्या रानाचा सिग्नल सर्व्हे डोक्यात करून ठेवला होता. आमच्याकडं ह्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात.

उसाच्या मधोमध, जिथं तो जॉइंट निसटला होता, तिथं बाबांच्या कंपनीचा आकडा उणे १०१. माझ्या कंपनीचा उणे १२२, आणि मग तोही गेला. एकवीस डीबीचा फरक, म्हणजे साधारण सव्वाशेपट. कारण समजायला फार हुशारी लागत नाही. माझ्या कंपनीचा टॉवर डोंगराच्या सोंडेपलीकडं आहे. बाबांच्या कंपनीचा अलीकडं. वर फ्रिक्वेन्सीची भानगड आहेच. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडीतून, उतारावरून वाट काढतात. जेवढी फ्रिक्वेन्सी वर तेवढा वेग जास्त आणि पल्ला कमी. ज्या फाइव्हजीच्या जोरावर मी पुण्यात ऐट मारतो ते बरंचसं ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याला डोंगराची सोंड काय, दोन भिंतीसुद्धा जड जातात. माझ्या एक्सेल शीटमध्ये कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलला कॉलम होता. ह्याला नव्हता.

म्हणजे फोनचा ह्यात दोष जवळजवळ नव्हताच. चुकीचा होता तो मी केलेला करार. फोन निवडताना मी नेटवर्क गृहीत धरलं होतं, आणि नेटवर्क निवडताना मी हिंजवडी गृहीत धरली होती.

घरी आल्यावर इंजिनिअरचा पहिला उपाय सुचला. फोनला दोन सिम लागतात, तर बाबांच्या कंपनीचं एक नवीन सिम दुसऱ्या खाचेत टाकू, झालं! बाबा म्हणाले, "दोन नंबर कुणाकुणाला सांगत बसू? टोळीवाल्यांकडं ह्योच, सोसायटीत ह्योच, कारखान्यात ह्योच, त्या पेटीत ह्योच." बरोबर होतं. पेटीत दुसरा नंबर घालता आला असता, पण टोळीच्या मुकादमात घालता येत नाही.

दरम्यान आईनं कपाटातून एक डबा काढून आणला. "हा चालतोय का बघ, पडूनच हाय." त्याचीही गोष्ट सांगतो. माझा मोठा चुलत भाऊ न्यू जर्सीत असतो. २०२४ च्या दिवाळीत आला तेव्हा त्याचं तिकडचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, म्हणून आयफोन १४ बाबांना, म्हणजे त्याच्या काकांना, देऊन गेला. सगळे हप्ते फिटलेले, कंपनीचं कुलूप काढलेलं, सगळं व्यवस्थित. बाबांनी पिन घेतली आणि सिमची खाच शोधायला लागले. वरून शोधली, खालून शोधली. नाहीच! अमेरिकेत विकलेल्या आयफोनांना १४ पासून सिमची खाचच नसते, सगळं ई-सिम. भावालाही हे आठवलं नव्हतं, कारण त्यानं दोन वर्षांत सिम कधी हातात धरलंच नव्हतं. आता ई-सिम आपल्याकडंही मिळतं, मी करून देऊ शकत होतो. पण बाबांनी त्याच दिवशी तो डब्यात ठेवला आणि म्हणाले, "ज्याचं सिम काढून दुसऱ्यात घालता येत न्हाई त्यो आपल्या काय कामाचा? रानात पडून फुटला तर काय करायचं?" ह्या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं, आताही नाही. तर तो आयफोन अजून कपाटात आहे, नव्या साड्यांच्या शेजारी.

शनिवारी बाबांना घेऊन बाजारात गेलो. जाताना ठरवलं होतं, की आज आपण बोलायचं नाही, फोन बाबा निवडतील. शॉपीवाल्यानं मला बघून आपोआप काचेखालचे महागडे फोन बाहेर काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला नको, बाबांना. तसं त्यानं एकच विचारलं, "रानात न्यायचाय काय काका?" आणि सगळे परत आत. बटणांचे सहा-सात फोन पुढ्यात ठेवले.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाबांनी प्रत्येक फोन आधी हातात तोलला. मग अंगठ्यानं पाचच्या बटणावरचा टिपका चाचपला, न बघता. मग टॉर्च. टॉर्च लावायला किती बटणं दाबायची हे मोजलं, दोन दाबायला लागणारे दोन फोन बाजूला. मग रिंगटोन पूर्ण आवाजात, शॉपीवाल्याचं आख्खं दुकान हादरेपर्यंत. मग मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर निघते का. मग, "हे बिघडलं तर हितंच हुतंय का, का गडहिंग्लजला जायचं?" माझ्या शीटमध्ये सतरा कॉलम होते. ह्यातला एकही त्यात नव्हता.

मी फक्त एका ठिकाणी तोंड उघडलं. त्यांनी निवडला होता तो निव्वळ टूजीचा. म्हटलं, बाबा, टूजी अजून आहे, पण किती वर्षं राहील सांगता येत नाही, फोरजीवर बोलता येणारा बटणाचा घेऊ. पाच-सहाशे रुपयांचा फरक. ते शॉपीवाल्याकडं बघायला लागले. शॉपीवाल्यानं मान हलवली, तेव्हा घेतला. माझ्या इंजिनिअरिंगपेक्षा शॉपीवाल्याची मान वजनदार निघाली, पण ठीक आहे. सगळे मिळून दोन हजारांच्या आत. ईएमआय वगैरे काही नाही, बाबांनी बंडीच्या खिशातून रोख काढले आणि मला देऊ दिले नाहीत.

नंबर परत पोर्ट करायचा होता. हे फार सोपं आहे हे मला माहीतच होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मीच केलं होतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. अट एवढीच, की आधीच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले पाहिजेत आणि पोस्टपेडचं बिल चुकतं पाहिजे. फोनवरून पीओआरटी, मग जागा सोडून नंबर, १९०० ला एसएमएस. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो दुकानात द्यायचा, आधार, फोटो, नवीन सिम. तीन कामाचे दिवस. शॉपीवाला म्हणाला, गुरुवारपर्यंत होईल. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या बोलण्याची आणि एसएमएसची वेगळी रिचार्जं ठेवायला लावली आहेत, बटणाच्या फोनवाल्यांनी डेटाचे पैसे का भरावेत म्हणून. बाबांना तेच घातलं. म्हणजे दुकानात जाऊन रिचार्ज करणं परत आलं. मी म्हटलं, ऑनलाईन मी करत जाईन. बाबा म्हणाले, "असू दे. तेवढंच दुकानात बसणं हुतंय." दोन वर्षं मला ज्याचं वाईट वाटत होतं ते त्यांना आवडत होतं, हेही आत्ताच कळलं.

काही गोष्टी अडल्याच. यूपीआय सिमला बांधलेलं असतं, सिम बटणाच्या फोनमध्ये गेलं की मोठ्या फोनवरचं बंद. व्हॉट्सॲप चालतं, नंबर तोच राहतो आणि घरात वायफाय आहे. म्हणून वळणदार काचेचा फोन आता घरात टीव्हीशेजारी असतो, सिमशिवाय, नातीचे फोटो आणि उसाचे ग्रुप बघायला. पैशाचं आईच्या फोनवर टाकलं. बाबा म्हणाले, "आधी तरी कुठं माझ्याकडं हुतं?"

मी रविवारी रात्री पुण्याला आलो. सोमवारी चहाला परत तोच प्रश्न, कुठला घेतला? म्हटलं, काळा, बटणांचा, टॉर्चवाला. कुणाचा विश्वास बसला नाही.

माझ्या फोनचं म्हणाल तर तो अजून तोच आहे. बॅटरी बदलून घेतली, दुकानदाराला दोन वर्षं आणखी जाईल असं वाटतंय. एक्सेल शीट डिलीट केलेली नाही. खोटं कशाला सांगू, सेल लागला की उघडून बघतो.

त्या आठवड्यात गुरुवारी पोर्ट झालं. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी होती. बुधवारी रात्री पावणेबाराला मी लॅपटॉपवर काहीतरी रिलीजचं बघत बसलो होतो, आणि फोन वाजला. बाबा. ह्या वेळेला बाबांचा फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. उचलला, तर मागं रातकिडे आणि पाण्याचा आवाज.

"रानातनं बोलतोय," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"काय न्हाई. लागतोय काय बघितलं."

"टावरच्या झाडाखाली आहात?"

"न्हाई, मधीच हाय. उसात." मग दोघंही गप्प. आमच्यात फोनवर गप्पा मारायची पद्धत नाही. मी विचारलं, जेवलात का, ते म्हणाले, कवाच. ते म्हणाले, तू अजून जागा कसा, मी म्हटलं, काम आहे. पाण्याचा आवाज येत होता. मग ते एकदम म्हणाले,

"थांब थांब, ह्या वाफ्याचं भरलं. ठेव, मोटर बंद करायची हाय."

आणि फोन कट.